मुंबईतल्या पाणीवाटपाचं संगणकी मॉडेल: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

मुंबईच्या एखाद्या भागाचं पाण्याचं मॉडेल करायला बसलेला नवखा इंजिनिअर बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी एक गोष्ट गृहीत धरतो, की पाणी चोवीस तास येतं. पुस्तकातली उदाहरणं तशीच असतात, सॉफ्टवेअरची घडणही तशीच आहे. आपल्याकडे मात्र नळाला ठरलेल्या तासांपुरतंच पाणी येतं आणि सगळी सोसायटी त्या तासांत सक्शन टँक भरून घेते. मीही पहिलं मॉडेल असंच केलं होतं. पडद्यावर सगळीकडे छान हिरवे ठिपके (म्हणजे दाब पुरेसा) दिसत होते आणि प्रत्यक्षात त्याच भागातल्या टेकडीवर बायका हंडे घेऊन खाली उतरत होत्या. तो प्रकार तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा हे सात तलाव आपण रोज बातम्यांत वाचतो. तिथलं बहुतेक पाणी भांडुप आणि पांजरापूरला शुद्ध होतं, तिथून शहरभरच्या सेवा जलाशयांत (वाटपाआधी पाणी साठवण्याच्या मोठ्या टाक्यांत) येतं आणि मग गल्लोगल्लीच्या जलवाहिन्यांत जातं. तलाव ते जलाशय हा टप्पा मोठ्या माणसांचं काम आहे. आपलं काम जलाशयाच्या आउटलेटपासून शेवटच्या नळापर्यंतचं. लोकांची तक्रार असते तीही याच टप्प्यात.

आधी जमवायचं सामान

- विभाग कार्यालयाची लेखी परवानगी, नकाशे मिळण्याच्या पत्रासह
- जलवाहिन्यांचा नकाशा: व्यास, धातू, टाकल्याचं साल
- व्हॉल्व्हची यादी आणि पाणी सोडण्याचं वेळापत्रक
- जोडण्यांची यादी, मीटरचं वाचन, सोसायट्यांची घरसंख्या
- रस्त्यांच्या पातळ्या
- विंडोज असलेला साधा संगणक, त्यावर ईपॅनेट (पाइपांतल्या पाण्याचा हिशेब करणारं) आणि क्यूजीआयएस (नकाशे हाताळणारं) ही सॉफ्टवेअर (दोन्ही फुकट आहेत)
- दाबमापक, शक्य झाल्यास दाब नोंदवणारे दोन-तीन लॉगर आणि पाइपवर बाहेरून बसणारा अल्ट्रासॉनिक फ्लोमीटर
- वही आणि पेन्सिल. पावसाळ्यात पेनाची शाई पसरते.

१. हद्द छोटी ठेवा आणि परवानगी कागदावर घ्या

अख्खा वॉर्ड घेऊ नका. एका जलाशयाच्या एका आउटलेटवर, एकाच वेळी पाणी मिळणारा भाग घ्या. सेवाक्षेत्राच्या हद्दीवरचे व्हॉल्व्ह खरोखर बंद आहेत का, हा पहिला प्रश्न. नकाशावर बंद दाखवलेला व्हॉल्व्ह थोडा उघडा असला, तर पलीकडचं पाणी तुमच्या हिशेबात शिरतं आणि पुढचं सगळं गणित बिघडतं.

परवानगी तोंडी घेऊन काम सुरू करू नका. जलवाहिन्यांचे नकाशे ही शहराच्या सुरक्षेची बाब आहे. मिळालेली फाइल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं किंवा कॉलेजच्या प्रकल्प अहवालात जशीच्या तशी छापणं टाळा. मी शिकत असताना आमच्या गटाने अशी चूक केली होती. मार्गदर्शकांनी वेळीच थांबवलं.

२. नकाशा संगणकात आणताना

क्यूजीआयएसमध्ये काम सुरू करताना नकाशाचं प्रक्षेपण यूटीएम झोन ४३ उत्तर (मीटरमध्ये मोजणारं) ठेवा. मुंबई त्याच पट्ट्यात येते. अक्षांश-रेखांशात काम केलंत, तर पाइपची लांबी अंशांत मोजली जाईल आणि ईपॅनेटमधली आपोआप लांबी काढण्याची सोय तुम्हाला ०.००४ अशा लांब्या देईल.

पाइप एकमेकांना खरोखर जोडलेले आहेत की नुसते एकमेकांवरून गेले आहेत, ते प्रत्येक चौकात तपासा. जुन्या रस्त्यांवर ब्रिटिशांच्या काळातली बिडाची वाहिनी खाली आणि नवी वाहिनी तिच्या बाजूने गेलेली असते. नकाशावर दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात, पण तिथे जोड असतोच असं नाही. ज्या जोडाची खात्री नाही त्याच्याभोवती लाल वर्तुळ काढून ठेवा. हे प्रश्न पुढे चावीवाल्याला, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणाऱ्या माणसाला, विचारायचे आहेत.

व्यासाच्या बाबतीत कागदावर आंधळा विश्वास नको. आमच्या नकाशात एका गल्लीत १५० मिलीमीटरची वाहिनी होती. खोदून पाहिलं तेव्हा १०० निघाली. ५० मिलीमीटरने काय होणार, असं वाटतं. पाइपमधलं घर्षण काढायच्या हेझन-विल्यम्स सूत्रात व्यास घटला की दाबाचा ऱ्हास जवळजवळ पाचव्या घाताने वाढतो (नेमका आकडा ४.८७). ५०० मीटर लांबी, सेकंदाला १० लिटर प्रवाह आणि १०० हा खरखरीतपणाचा गुणांक (जितका मोठा, तितका पाइप गुळगुळीत) घेऊन मी हिशेब मांडला. दाब इथे पाण्याच्या उंचीत, म्हणजे मीटरमध्ये मोजतात. १५० च्या वाहिनीत २.१ मीटर दाब खर्च होतो, १०० च्या वाहिनीत तब्बल १५.५ मीटर. पाच मजल्यांइतका फरक एका चुकीच्या आकड्यात लपला होता.

३. उंची: इथे घाई नको

दाब म्हणजे जलाशयातल्या पाण्याच्या पातळीतून घर्षणाचा ऱ्हास आणि त्या जागेची उंची वजा करून उरलेला आकडा. उंचीत तीन मीटरची चूक झाली, तर दाबातही तीन मीटरची चूक.

उपग्रहावरून घेतलेले फुकट उंची-नकाशे ३० मीटरच्या चौकोनांत असतात. मुंबईसारख्या दाट शहरात त्या चौकोनात रस्त्यापेक्षा इमारतींची छतंच जास्त येतात. टेकडी कुठे आहे हे कळायला ते ठीक आहेत, दाब काढायला नाहीत. शक्य असेल तर लेव्हलिंग (जागेवर जाऊन उंची मोजणं) करून घ्या, नाहीतर महापालिकेच्या रस्त्यांच्या पातळ्या मिळवा.

आणि इथे मुंबईचा खास सापळा आहे. इथल्या जुन्या नकाशांवरच्या पातळ्या 'टाउन हॉल डेटम' मध्ये असतात. सर्वेक्षण करणारा माणूस मात्र समुद्रसपाटीवरून आकडे देतो. दोन्हींचे शून्य वेगळे आहेत. जलाशयाची पातळी एका मापात आणि रस्त्याची दुसऱ्या मापात घेतलीत, तर मॉडेल बिनतक्रार चालेल आणि दाब मात्र साफ खोटे येतील. प्रत्येक आकड्यासमोर तो कोणत्या डेटमचा, हे लिहायची सवय लावून घ्या.

४. ईपॅनेटची पहिली पाच मिनिटं

ईपॅनेट हे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने केलेलं सॉफ्टवेअर. पहिली आवृत्ती १९९३ ची, सगळीकडे रुळली ती २००० ची दुसरी आवृत्ती. तुम्ही २.२ किंवा त्यानंतरचीच घ्या. दाबावर अवलंबून मागणी मोजण्याची सोय तिच्यात आहे आणि मुंबईत तिच्यावाचून चालत नाही.

एकही पाइप काढण्यापूर्वी डिफॉल्ट्समध्ये जाऊन प्रवाहाचं एकक सेकंदाला लिटर करा. मूळ सेटिंग मिनिटाला गॅलनचं असतं. त्याच खिडकीत पाइपचा ठरावीक व्यास १२ असा भरलेला असतो. तिथे ते १२ इंच असतात. एकक बदललंत आणि व्यास भरायला विसरलात, की ते १२ मिलीमीटर होतात. एका पाइपचा व्यास भरायचा राहिला तरी त्यापुढच्या सगळ्या गल्लीत उणे हजारांचा दाब दिसतो. नवखे लोक मग दिवसभर पंपात चूक शोधत बसतात.

खरखरीतपणाचा गुणांक नव्या सिमेंट-अस्तराच्या डक्टाइल लोखंडी वाहिनीला १४०, प्लास्टिकला १४५ च्या आसपास, जुन्या बिडाच्या वाहिनीला १०० किंवा त्याहूनही कमी धरा. साठ-सत्तर वर्षांच्या बिडात गंज इतका साचलेला असतो की वापरता येणारा व्यासच घटतो. तो आकडा शेवटी मोजमापानेच ठरेल, सध्या अंदाज चालेल.

फाइल नेहमी आयएनपी स्वरूपातही साठवा. ती साधी मजकूर-फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते आणि कालच्या-आजच्या फाइलमध्ये काय बदललं ते शोधता येतं.

५. मागणी: सगळा खेळ इथे आहे

एक उदाहरण घेते. ६० सदनिकांची सोसायटी, घरटी पाच माणसं, माणशी १३५ लिटर. रोजचे ४०,५०० लिटर झाले. पुस्तकी पद्धतीने चोवीस तासांवर वाटले तर सेकंदाला ०.४७ लिटर. पण पाणी पहाटे तीनच तास येतं. तेवढंच पाणी तीन तासांत घ्यायचं तर सेकंदाला ३.७५ लिटर हवेत. प्रवाह आठपट झाला, पण दाबाचा ऱ्हास आठपट होत नाही. तो प्रवाहाच्या १.८५२ व्या घाताने वाढतो, म्हणजे सुमारे ४७ पट. माझे हिरवे ठिपके खोटे का होते, ते या एका आकड्यात आहे. शिखर गुणांक (गर्दीच्या वेळेचा प्रवाह सरासरीच्या किती पट) दोन किंवा तीन धरून हे अंतर भरून निघत नाही.

दुसरी गोष्ट, सोसायटी 'मागणी' करतच नाही. टाकी भरेपर्यंत, दाब देईल तेवढं ती घेते आणि बॉलकॉक वर आला की थांबते. म्हणून मोठ्या सोसायट्यांना नुसती मागणी असलेलं जंक्शन (पाइप जुळतात तो बिंदू) न दाखवता छोटी टाकी म्हणून दाखवा. मी हे असं करते:

सोसायटीच्या जोडणीइतक्या व्यासाचा पाइप घ्यायचा, त्याची स्थिती उलट प्रवाह रोखणारी ठेवायची आणि पलीकडे टाकी जोडायची. ईपॅनेट टाकी तळातून भरतं, खऱ्या सक्शन टँकमध्ये पाणी वरून पडतं. म्हणून टाकीचा तळ नळीच्या तोंडाच्या उंचीवर ठेवायचा आणि खोली फक्त अर्धा मीटर द्यायची. ४०,५०० लिटरसाठी मग व्यास १०.१६ मीटर येतो. अशी टाकी प्रत्यक्षात नसते, पण हिशेब बरोबर येतो, कारण भरताना उलटा दाब जवळजवळ वाढतच नाही. टाकी भरली की ईपॅनेट पाइप आपोआप बंद करतं, म्हणजे बॉलकॉकचं काम फुकटात झालं. दर वेळी रिकाम्या टाकीपासून सुरुवात करा. काल किती पाणी उरलं होतं हे माहीत असेल, तर तेवढी पातळी द्या.

चाळी आणि वस्त्यांतल्या लहान जोडण्यांसाठी दाबावर अवलंबून मागणीचा पर्याय निवडा. तिथे किमान दाब आणि अपेक्षित दाब असे दोन आकडे मागतात. किमान दाबाखाली पाणी मिळत नाही, अपेक्षित दाबाला पूर्ण मागणी मिळते आणि मधे दाबाप्रमाणे कमी-जास्त.

वस्त्यांबद्दल थोडं थांबून सांगते. टेकडीवरच्या घराची जोडणी मुख्य वाहिनीला पायथ्याशी असते आणि तिथून पाऊण-एक इंची नळी गटाराच्या कडेने दोनशे-तीनशे मीटर वर चढते. तुम्ही मॉडेलमध्ये जंक्शन पायथ्याशी ठेवलंत, तर तिथे १२ मीटर दाब दिसेल आणि तुम्ही 'पुरवठा समाधानकारक' असं लिहून मोकळे व्हाल. वरच्या नळाला मात्र थेंब नसेल. ती बारीक नळी मॉडेलमध्ये घ्या. सगळ्या घेणं जमत नसेल तर प्रत्येक गल्लीतली सर्वांत लांब आणि सर्वांत उंच नळी तरी घ्याच. अहवाल ज्यांच्यासाठी चालला आहे, ते लोक त्या नळीच्या टोकाला राहतात.

६. 'रिझर्व्हायर' या शब्दाची गफलत

आपण मलबार हिलच्या रिझर्व्हायरबद्दल बोलतो, ज्याच्या छतावर हँगिंग गार्डन आहे. ईपॅनेटच्या भाषेत ती 'टँक' आहे. ईपॅनेटमधलं 'रिझर्व्हायर' म्हणजे ज्याची पातळी कधीच बदलत नाही असा अथांग साठा, तलाव किंवा समुद्रासारखा. सेवा जलाशय रिझर्व्हायर म्हणून दाखवलात, तर शहराला न संपणारं पाणी मिळालं असं समजा. पाणीकपातीत जलाशय पूर्ण भरत नाही, दोन तासांत पातळी खाली येते आणि शेवटच्या गल्लीला त्याचाच फटका बसतो. तो फटका पाहायचा असेल तर टँकच हवी.

मॉडेलची वेळही चोवीस तास नको. व्हॉल्व्ह उघडल्यापासून बंद होईपर्यंतचे तासच चालवा आणि हिशेबाचा टप्पा एक तासाऐवजी पाच मिनिटांचा ठेवा.

७. चावीवाल्याबरोबर एक पहाट

हा टप्पा कोणत्याही मॅन्युअलमध्ये नाही. मी मात्र कोणालाही तो गाळू देणार नाही.

आमच्या भागात पाणी पहाटे पाचला सुटायचं. साडेचारला चावीवाल्या काकांबरोबर मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. त्यांनी लोखंडी झाकण पहारीने उचललं, लांब चावी आत घातली आणि दोन्ही हातांनी फिरवायला लागले. मी आटे मोजत होते. अकरा झाल्यावर ते थांबले.

"काका, पूर्ण नाही उघडत?"

"मॅडम, अकरा आटेच. जास्त उघडली की खालच्या बिल्डिंगवाले सगळं ओढून घेतात, वरती काही जात नाही. पंधरा वर्षं असंच करतोय."

माझ्या मॉडेलमध्ये तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता. ऑफिसमधल्या यादीतही. त्या सकाळी मी सात व्हॉल्व्ह पाहिले, तीन अर्धवट निघाले. एक तर डांबराखाली गेला होता आणि काकांशिवाय कोणालाही माहीत नव्हता.

वहीत प्रत्येक व्हॉल्व्हसमोर एवढं लिहा: एकूण आटे किती, उघडतात किती, किती वाजता, कोणत्या क्रमाने, आणि का. 'का' चं उत्तर सर्वांत मोलाचं असतं. अर्धवट उघडा व्हॉल्व्ह मॉडेलमध्ये थ्रॉटल कंट्रोल व्हॉल्व्ह म्हणून दाखवा. त्याचा गुणांक सुरुवातीला अंदाजाने घ्या, मोजमापानंतर बदला.

काकांना त्यांच्या वेळेबद्दल धन्यवाद देऊन सुटू नका. मॉडेल चाललं की त्यांना पडद्यावर दाखवा. आमच्या काकांनी दोन मिनिटांत सांगितलं, की एका गल्लीत पाणी उलट्या दिशेने दाखवतंय. त्यांचं बरोबर होतं. तो जोड मीच चुकीचा काढला होता.

८. पहिली फेरी चालवल्यावर

त्रुटी २३३ आली तर कुठलं तरी जंक्शन लोंबकळतं आहे, म्हणजे पाइपला जोडलेलंच नाही. उणे दाबाचा इशारा आला तर आधी व्यास आणि उंची तपासा. शंभरातले नव्वद दोष तिथेच सापडतात.

उणे दाब खराही असू शकतो. काही लोक वाहिनीवर थेट मोटर लावतात. तेव्हा शेजारच्या नळातून हवा ओढली जाते आणि फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत येतं. पण मॉडेलमध्ये उणे पन्नास मीटर दिसलं, तर तो निव्वळ आकड्यांचा खेळ आहे. प्रत्यक्षात दाब उणे दहाच्या खाली जाऊच शकत नाही.

एक मर्यादा लक्षात असू द्या. ईपॅनेट सगळे पाइप कायम भरलेले धरतं. आपल्याकडे पाणी सुटल्यावर पहिली वीस-तीस मिनिटं पाइपातली हवाच बाहेर पडत असते, नळ फुरफुरतात. त्या काळातले मॉडेलचे आकडे वापरू नका.

९. मोजमाप आणि जुळवणी

किमान तीन जागी दाब मोजा: आउटलेटजवळ, मधे आणि सर्वांत वाईट टोकाला. दाबमापक किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर दाखवतो, त्याला दहाने गुणलं की मीटर मिळतात. मापक रस्त्यापासून किती उंचीवर बसवला होता तेही लिहा. मोजमाप सलग काही दिवसांचं हवं. रविवारचा आणि मंगळवारचा आलेख सारखा येत नाही.

जुळत नाही म्हणून गुणांक हवा तसा फिरवत बसायचा मोह होतो. १०० चा ४० केला की रेषा जुळते आणि काम झाल्यासारखं वाटतं. असं करू नका. न जुळणाऱ्या आकड्यामागे बहुतेक वेळा जमिनीखालची खरी गोष्ट असते.

आमच्या टेकडीकडे जाणारी वाहिनी वर सांगितलेलीच, १०० मिलीमीटर, ५०० मीटर. मॉडेल म्हणत होतं की दीड तासात पायथ्याच्या सोसायट्यांच्या टाक्या भरतील, वाहिनीतला प्रवाह दहावरून पाचवर येईल, ऱ्हास १५.५ वरून ४.३ मीटरवर उतरेल आणि टेकडीला ११ मीटर दाब जास्त मिळेल. लॉगरच्या आलेखात मात्र अशी चढण कुठेच नव्हती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सपाट रेष. गुणांक बदलण्याऐवजी आम्ही पायथ्याच्या सोसायट्यांत गेलो. दोन सक्शन टँकचे बॉलकॉक मोडलेले होते. टाक्या भरून पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून गटारात चाललं होतं, पाणी बंद होईपर्यंत, रोज.

१०. सुधारणा सुचवताना

सर्वांत स्वस्त उपाय आधी चालवून बघा: बॉलकॉक, व्हॉल्व्हचे आटे, सोडण्याचा क्रम, मोठ्या सोसायट्यांच्या जोडणीचा व्यास. मग एखादा छोटा जोडपाइप टाकून दोन टोकं एकत्र आणणं. वाहिनी बदलणं सर्वांत शेवटी, कारण त्यासाठी रस्ता खोदावा लागतो आणि पावसाळ्यात ते बंदच असतं.

पाळी पद्धत (एकेका भागाला आलटून-पालटून पाणी) सुचवण्याआधी एक हिशेब करा. टेकडीला निम्मेच तास दिले, तर तेवढंच पाणी मिळवायला प्रवाह दुप्पट लागेल आणि वाचलेला दाब पुन्हा खर्च होईल. पाळीचा फायदा होतो तो खालच्यांचं अनिर्बंध ओढणं थांबल्यामुळे. ते थांबणार नसेल तर पाळीने काही साधत नाही.

प्रत्येक पर्यायाची वेगळी फाइल ठेवा आणि निकालात सरासरी दाब देऊ नका. सरासरीत टेकडी हरवते. सर्वांत वाईट दहा नळांना किती लिटर मिळाले आणि किती मिनिटं मिळाले, एवढा तक्ता द्या.

बॉलकॉक बदलल्यानंतर आम्ही तोच लॉगर त्याच नळाला पुन्हा लावला. साडेसहाच्या सुमारास आलेखाची रेष वर चढली, मॉडेलमधल्यापेक्षा थोडी कमी, साधारण नऊ मीटर. उरलेल्या दोन मीटरसाठी मी त्या वाहिनीचा गुणांक थोडा बदलला आणि तारीख घालून वहीत कारण लिहून ठेवलं.